चपला बांधावर काढाव्यात

आमच्या घरात किस्से गाजरगवतासारखे उगवतात. पेरत कुणी नाही, पाणी कुणी देत नाही, आणि एक उपटायला वाकलं की शेजारी आणखी चार दिसतात! मी नगरला राहते. माहेरी, काष्टीजवळच्या आमच्या वस्तीवर गेले, की चहा टाकायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "प्राजूच्या लग्नात न्हाई का..." की झालं. चहा उकळून उकळून काढा होतो, आणि गॅस बंद करायला उठायचं कुणी यावरून वेगळी चर्चा.

प्राजू म्हणजे माझ्या दादाची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न आमच्या शेतात झालं. तेच सांगते.

*

प्राजूनं ॲग्रीची डिग्री घेतली आणि नोकरी न शोधता आजोबांबरोबर, म्हणजे माझ्या वडलांबरोबर, नानांबरोबर शेती करायला लागली. लग्न ठरलं तेव्हा म्हणाली, "मला लॉन्स नको. माझं लग्न आपल्या खालच्या वावरात."

मी शहाणी मध्ये पडले. "अगं, किती छान! हल्ली फॅशनच आहे त्याची. रस्टिक वेडिंग म्हणतात."

"म्हंजी?" वहिनीनं विचारलं.

मी लगेच मोबाईल काढून फोटो दाखवले. कंदील टांगलेत, बैलगाडीचं चाक टेकवून ठेवलंय, गोणपाटाचे पडदे, बसायला गवताच्या पेंढ्या, पत्र्याच्या बादलीत फुलं.

वहिनीनं चष्मा लावून एकेक फोटो नीट बघितला. मग म्हणाली, "वन्सं, ह्यो आपला गोठाच हाय की! फकस्त म्हैस काढलीया."

तरी मी माघार घेतली नाही. डेकोरेटर ठरवला. तो येणार म्हणून वहिनीनं आधीच गोठा, पडवी सगळं लख्ख केलं आणि जुनी पोती भंगारवाल्याला देऊन टाकली.

आठवड्यानं डेकोरेटर टेम्पो घेऊन आला. गोणपाटाचे पडदे लावायला लागला. वहिनीनं एक पडदा उलटा करून बघितला. निळ्या रंगात, दादाच्या हातचं, मोठ्या अक्षरात आमचं आडनाव!

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुमचं रस्टिक घरी आलं बरं का."

*

पण खरी अडचण वेगळीच होती. नाना.

खालचं वावर म्हणजे नानांचा जीव. विहिरीलगतचं, कायम पाण्याखालचं, बागायती रान. कांदा निघाला की शेणखत, मग पुन्हा कांदा. गेली कित्येक वर्षं नाना त्या वावरात चप्पल घालून उतरलेले नाहीत. बांधावर चप्पल काढायची, मग आत. आम्हालाही तीच शिस्त. लहानपणी मी एकदा शाळेचे बूट घालून आत गेले होते, तर नाना ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "आईच्या अंगावर बूट घालून नाचती व्हय गं, संगे?" ओरडले असते तर बरं!

त्या माणसाला आम्ही सांगणार होतो की तुमच्या वावरात सातआठशे माणूस येणार.

दादानं सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "रान काय जत्रंला असतंय का? एवढी माणसं तुडवनार. दगूड हुईल त्याचा."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे. प्राजू मात्र नानांसमोर जाऊन खाली मातीतच बसली.

"नाना, मला कुळवाची पाळी घालायला कुठं शिकवलं तुमी?"

"तितंच."

"पहिल्यांदा पाण्याचं दारं धरलं, चिखलात बसले, ते कुठं?"

"तितंच."

"मग लग्न कुठं लावू?"

नानांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. मग अटी आल्या. एक, स्टेज नाही. खड्डे चालणार नाहीत, खांब बांधाच्या कडेकडेनं. दोन, डीजे, गाड्या, आचारी सगळं वर माळावर. तीन, माणूस कुणीबी असू दे, चपला बांधावर. आणि चार, सांच्यापातूर रान मोकळं.

प्राजू उड्याच मारायला लागली. तर नाना म्हणाले, "अजून एक. मी मांडवात येनार न्हाई. तुडवा तुमी. मला न्हाई बगवनार."

प्राजूचं तोंड एवढंसं झालं. "तुमच्या अक्षता डोक्यावर पडल्याशिवाय लग्न लागलं, असं मी मानणार नाही नाना."

"बांधावरनं टाकीन की."

आमच्या नानांचा शब्द म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. एकदा पडली की बदलायला माणसाच्या पिढ्या जातात. दादा म्हणाला, येतील गं. वहिनी म्हणाली, येतील. मी म्हणाले, नक्की येतील. तिघांनाही माहीत होतं की नाही येणार.

*

पत्रिका छापली. 'आहेर आणू नयेत' असतं ना, त्या जागी आम्ही छापलं, 'कृपया चपला बांधावर काढाव्यात'.

आता काय झालं बघा. लोकांनी पत्रिका वाचल्या आणि परस्पर ठरवून टाकलं की त्या वावरात कुठलंतरी देवस्थान असणार! नाहीतर लग्नात चपला कोण काढायला लावतं?

लग्नाच्या दिवशी सकाळी मी बांधावर गेले तर चार बायका रांगेत उभ्या. समोर दगड. दगडाला हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल, आणि एकीनं तर नारळ फोडलेला!

मी विचारलं, "मावशी, हे काय?"

"दर्शान घेतलं बाई. लई जागृत दिसतंय. न्हाईतर एवढ्या लोकान्ला अनवानी कोन बोलवतंय?"

तो मोजणीचा दगड होता! सरकारी मोजणीत हद्दीवर रोवलेला. आणि मजा अशी, की पलीकडचे आमचे चुलतभाऊ दरवर्षी नांगरट करताना तो दगड हळूच, अगदी वीतभर, आमच्याकडे सरकवायचे. दादा दरवर्षी तो परत ढकलायचा. बोलणं नाही, भांडण नाही, नुसता दगड ये-जा करायचा.

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर दादानं माझा दंड धरला. "गप ऱ्हा."

आता त्या दगडाला शेंदूर लागलाय. शनिवारी कुणीतरी तेलही घालून जातं. हलवायची कुणाची टाप नाही. दादा म्हणतो, "मोजणीवाल्याला जमलं न्हाई, ते पाव्हन्यान्नी करून दावलं."

*

नवरदेव अक्षय, आपल्या नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडचा. डोंगरातलं पोरगं. भात, धरण, पाऊस यात वाढलेलं. गुणी आहे, पण घोड्यावर पहिल्यांदाच बसलेलं.

घोड्याचाही प्रश्न नानांपुढे आला होताच. नानांनी निकाल दिला, "त्याच्या पायात नाल हाय. काढता येती का? न्हाई ना? मग त्यो भाईर."

म्हणून वरात बांधापर्यंतच. तिथं माझ्या कल्पनेतून साकारलेली स्वागत कमान! अख्ख्या उसाची, शेंड्याकडच्या वाढ्यासकट. हिरवीगार. मी स्वतः उभी राहून बांधून घेतली होती. फोटोसाठी म्हणून तिच्या बरोबर मध्ये नवरदेवाला थांबवायचं असं ठरलं होतं.

थांबवायची गरजच पडली नाही. घोड्यानं कमान बघितली आणि तो आपणहून थांबला. आधी डावी बाजू खाल्ली. मग उजवी. बँडवाल्यांनी एक गाणं वाजवलं, दुसरं वाजवलं. वरती अक्षय मुंडावळ्या सावरत बसलेला, खाली घोडा जेवतोय!

मी घोडेवाल्याला म्हटलं, "अहो, ओढा ना त्याला!"

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, वऱ्हाडाला नाष्टा दिला. ह्याला कुनी इचारलं का?"

वरून अक्षयचा बारीक आवाज आला, "आत्या, खाऊ द्या त्याला. पण मला आधी खाली घ्या!"

*

अक्षताही साध्या नव्हत्या. अक्षयचे वडील, आमचे व्याही, घरच्या तांदळाची गोणी घेऊन आले होते. आमच्याकडे इतर लग्नांत ज्वारीच्या अक्षता असतात. पण व्याही इतक्या प्रेमानं म्हणाले, "आमच्या खाचरातला आहे, वासाचा," की नाही म्हणायची सोय नव्हती. वहिनीनं सगळ्या तांदळाला कुंकू लावून पुड्या बांधल्या.

एक पुडी घेऊन मी नानांकडे गेले. बांधावर लिंबाखाली बाज टाकून ते बसले होते. शेजारी चपलांचा ढीग. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. कुणाची चप्पल नजरेतून सुटत नव्हती. जावयाच्या मामानं नुसते मोजे ठेवून आत जायचा प्रयत्न केला, तर "पाव्हनं, ते बी!"

मी पुडी दिली. नानांनी दाणा बोटांत धरून बघितला, वास घेतला.

"बेस हाय. पन गिरनीतनं आल्याला."

"मग?"

"मग ह्यो उगवतो का?"

"नाना, डोक्यावर टाकायचाय, पेरायचा नाहीये!"

"लेकराला आशीर्वाद द्यायचा, त्यो उगवनाऱ्या दान्याचा द्यावा." आणि त्यांनी उपरण्याची गाठ सोडून दाखवली. आत मूठभर ज्वारी. बियाण्याची, टपोरी. "माझं मी आनलंय."

"मग चला ना आत," मी म्हटलं.

"जा तू. भटजी खोळांबल्यात."

*

आमच्या भागात मुहूर्त पंचांगावर नाही, पुढाऱ्यांवर चालतो. साहेब येणार, आशीर्वादाचं भाषण करणार, मग मंगलाष्टकं. आणि आशीर्वादात धरण, रस्ते, ऊसदर, मागची निवडणूक, पुढची निवडणूक, सगळं येतं. वधूवर हार धरून उभे. एका लग्नात तर म्हणे हारातली फुलं सुकली.

आमच्याकडेही एक साहेब आले. पांढरे कपडे, पांढरे बूट. बांधावर आले आणि नाना उठून उभे राहिले. काठी आडवी.

साहेबांनी कार्यकर्त्यांकडे बघितलं. कार्यकर्त्यांनी साहेबांच्या पायांकडे. साहेब शहाणे, त्यांनी वाकून बूट काढले आणि दगडाला नमस्कारही केला!

माईक नेमका अशा जागी होता की वरच्या कापडाची जोड तिथंच उसवलेली. भर दुपार. वैशाखातलं ऊन थेट खालच्या मातीवर पडलेलं. साहेब माईकसमोर उभे राहिले.

"उपस्थित बंधू आणि भगिनींनो..." उजवा पाय उचलला.

"आज या शुभप्रसंगी..." डावा पाय उचलला.

"दोघांना आशीर्वाद देतो आणि थांबतो!"

टाळ्या! आमच्या तालुक्यात इतक्या मनापासून टाळ्या कुठल्याही भाषणाला पडलेल्या मी ऐकल्या नाहीत. भटजी तर उठून उभेच राहिले.

त्यातच प्राजूच्या मैत्रिणींनी नवरदेवाचे जोडे पळवायचे म्हणून चपलांच्या ढिगातून भलतेच पळवले. पांढरे, चकचकीत. साहेबांचे! ते भाकरीच्या टोपल्याखाली लपवले आणि अक्षयकडे पैसे मागत बसल्या. तो बिचारा म्हणे, "अगं, माझे बांधावरच आहेत की."

साहेबांना पुढची तीन लग्नं होती. पण बूटच मिळेनात. शेवटी पंगतीला बसले. दोनदा आमटी घेतली, बुंदी मागून घेतली. दादा अजून गावभर सांगतो, "साहेब सगळ्यांच्याकडं येऊन जात्यात. आमच्याकडं जेवून गेलं!"

*

मंगलाष्टकांच्या वेळी मात्र माझं सगळं लक्ष बांधाकडे होतं.

स्टेज नव्हतं. शेणसडा टाकलेल्या मातीवर दोन पाट. एका पाटावर प्राजू, समोर अंतरपाट, पलीकडे अक्षय. प्राजूच्या मागं तिचा मामा. भोवती हीऽऽ गर्दी. सगळे अनवाणी. पावलांचा आवाजच नाही, देवळात असतं तसं वाटत होतं.

प्राजू मान वळवून वळवून बांधाकडे बघत होती. भटजी म्हणाले, "बाळ, समोर बघ." ती समोर बघायची आणि पुन्हा वळायची. गर्दीतून तिला काही दिसत नव्हतं. मलाही दिसत नव्हतं. मी टाचा वर करून बघितलं, पण या लग्नासाठी खास घेतलेल्या उंच टाचा बांधावर ढिगात पडलेल्या!

'शुभमंगल सावधान' झालं, तांदळाचा पाऊस पडला, हार पडले. मी गर्दीतून वाट काढत बांधापाशी पोचले तेव्हा नाना बाजेवर. काठी मांडीवर. उपरण्याची गाठ सुटलेली, आत दाणा नाही.

पाठवणीच्या वेळी प्राजू त्यांच्या पाया पडली.

"टाकल्या का अक्षता, नाना?"

"टाकल्या की."

"बांधावरून?"

"बांधावरनं."

"पोचल्या का तिथपर्यंत?"

नानांनी मांडवाकडे बघितलं. "वारं हुतं."

प्राजू हसली. हसता हसताच रडायला लागली, आणि पोरींना सासरी जाताना रडायला कारण लागत नाही म्हणून बाकी कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं. झाडाचं पान हलत नव्हतं त्या दिवशी.

*

प्राजूची गाडी वळणाआड गेली. आम्ही बायका डोळे पुसत बसलो होतो. मांडववाल्यांनी कापडं सोडली होती, पण गाद्या, पाट, खुर्च्या वावरातच पडलेल्या. मांडववाला निवांत चहा पीत होता.

तेवढ्यात विहिरीवर मोटर सुरू झाली.

आमच्याकडे शेतीची लाईट तिच्या मनानं येते, म्हणून मोटरीला ऑटो बसवलाय. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. आणि कॉक कुणीतरी नेमका खालच्या वावराकडे फिरवून ठेवलेला!

"अहो, माझ्या गाद्या!" मांडववाला कप टाकून पळाला. त्याची माणसं पळाली. दादा पळाला, वहिनी पळाली. कुणाला चप्पल काढायची आठवण करावी लागली नाही.

नाना बाजेवरून हलले नाहीत. म्हणाले, "सांगितलं हुतं. सांच्यापातूर रान मोकळं पायजे. दिसभर तुडावलंय त्याला. पानी नको का प्यायला?"

गादी डोक्यावर उचलून धरून, गुडघ्यापर्यंत साडी खोचून, मी त्या चिखलात उभी. नगरची रस्टिक पाहुणी! त्याचा फोटो वहिनीनं काढलाय आणि अजून डिलीट करत नाही.

*

पाचपरतावणाला प्राजू आणि अक्षय आले. माझीही रजा शिल्लक होती, म्हणून मी वस्तीवरच होते.

अक्षयच्या मित्रानं ड्रोननं शूटिंग केलं होतं, ते मोबाईलवर आलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे एवढ्याशा स्क्रीनभोवती डोकी घालून बसलो. वरून दिसणारं वावर, मांडव, विहीर. कापडाची जोड उसवलेली तेवढ्या फटीतून थोडी गर्दी दिसत होती. प्राजूनं तिथं थांबवून, मोठं करून, पुन्हा मागं नेऊन बघितलं.

नुसत्या पांढऱ्या टोप्या! टोपीला टोपी लागलेली.

"ह्यातली नानांची कुठली?" ती म्हणाली.

दादा म्हणाला, "अगं, वरनं सगळी म्हातारी सारखीच दिसत्यात."

"आणि बाज?"

बाज लिंबाखाली. वरून नुसता लिंब दिसत होता.

कोपऱ्यात नाना तंबाखू मळत होते. "झोपा आता," म्हणाले. "बॅटरी जाईल त्याची."

*

सकाळी प्राजू म्हणाली, "आत्या, चल. वावर बघून येऊ."

आम्ही तिघं निघालो. ती, अक्षय आणि मी. नाना आधीच बांधावर येऊन लिंबाखाली बसलेले. आम्ही चपला काढल्या. अक्षयनं न सांगता काढल्या. नानांनी ते बघितलं.

रान मस्त मऊ झालं होतं. मांडव कुठं होता हे कळतसुद्धा नव्हतं. पाट ठेवले होते तेवढे दोन चौकोन मात्र जरा दबलेले, अजून ओळखू येत होते. प्राजू आपल्या चौकोनात जाऊन उभी राहिली, गंमत म्हणून. अक्षय तिच्या मागं जाऊन उभा राहिला, तिचा मामा उभा होता तिथं.

प्राजू वळून त्याला काहीतरी म्हणायला गेली आणि तिची नजर खाली गेली. ती एकदम खाली बसली.

पाटाच्या अगदी मागं, सुपाएवढ्या जागेत, बोटभर उंचीचे हिरवे कोंब. दाट. बाकीच्या सगळ्या वावरात कुठंही काही नाही. काळी माती आणि इथं तिथं फुगून पांढरे पडलेले तांदूळ.

तिनं एक कोंब अलगद उपटला. मुळाशी दाणा अजून चिकटलेला होता.

"ज्वारी," ती म्हणाली.

त्या पाण्याखालच्या रानात ज्वारी आम्ही कधी पेरलीच नाही.

मी बांधाकडे बघितलं. बांध चांगला शंभर पावलं लांब. मध्ये एक कोंब नाही.

प्राजू उठली. तो कोंब तळहातावर धरून तिथूनच ओरडली, "नाना! हे काय?"

नाना काठी टेकत उठले. बांधावर चप्पल काढली. सावकाश, जपून पावलं टाकत आमच्यापर्यंत आले. आधी प्राजूच्या हातातल्या कोंबाकडे बघितलं. मग खाली. मग अक्षयच्या पायांकडे.

"पाव्हनं," म्हणाले, "जरा मागं सरा. पिकात हुबं ऱ्हायलाय तुमी."